मेलॅनोमाचा तीळ ‘पूर्ण निघाला’ असताना पुन्हा ऑपरेशन कशाला? आणि जितकं जास्त काढतील तितकं बरं ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या पोटरीवरचा काळा तीळ जागा बधिर करून काढला. रिपोर्ट मेलॅनोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कातडीच्या कर्करोगाचा आला: ब्रेस्लो जाडी (रोग कातडीत किती खोल गेलाय ते माप) 1.6 मिमी, अल्सरेशन (वर जखम) नाही, कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोगाच्या पेशी नाहीत. आता दुसरे सर्जन म्हणतात की त्या जागेची आणखी कातडी काढायची आणि जांघेतली एखाददुसरी गाठ तपासायला घ्यायची. कडा मोकळ्या आहेत तर पुन्हा कशाला, हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘काढायचंच आहे तर एकदाच भरपूर काढून जांघेतल्या सगळ्या गाठी साफ का करत नाहीत? जितकं जास्त तितकं बरं ना?’ शिवाय सर्जन चांगला आहे हे कसं ओळखायचं, तेही विचारलंय.

‘जितकं जास्त तितकं बरं’ या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितोय. नातेवाइकांच्या तोंडी ते समजू शकतं. सर्जनच्या तोंडी असलं, तर त्याचं वाचन कधीचंच थांबलंय असं खुशाल समजावं.

आधी कडांचं. बायोप्सी म्हणून तीळ काढताना बाजूची एक ते तीन मिलिमीटर चांगली कातडी घेतात, त्याहून जास्त मुद्दाम घेत नाहीत. ‘कडा मोकळ्या’ ही नोंद त्या तुकड्यापुरती असते. मेलॅनोमाच्या पेशी मूळ डागापासून सुट्या होऊन लसवाहिन्यांतून (लस म्हणजे इथे शरीरातला पातळ द्रव, लिम्फ) थोड्या अंतरावर जाऊन बसलेल्या असू शकतात. मधली कातडी स्वच्छ असते, त्यामुळे तुकड्याच्या कडेवर पॅथॉलॉजिस्टला काहीच दिसत नाही. म्हणून जाडी कळल्यावर वाइड एक्सिजन करायचं, म्हणजे व्रणाभोवतीची आणखी कातडी मोजून काढायची. डाग कातडीच्या वरच्या थरातच असेल (इन सिटू) तर अर्धा ते एक सेंटिमीटर, 1 मिमीपर्यंत जाडी असेल तर 1 सेंमी, 1 ते 2 मिमीला 1 ते 2 सेंमी, 2 मिमीच्या पुढे 2 सेंमी. खोलीला खालच्या स्नायूवरच्या पडद्यापर्यंत, म्हणजे डीप फॅशियापर्यंत. पडदा स्वतः काढायची गरज नसते.

हे अंतर कातडीवर पट्टी ठेवून, पेनने आखून, बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी मोजायचं असतं. इंजेक्शनने कातडी फुगली की माप चुकतं. कापल्यावर कातडी आकसते आणि फॉर्मॅलिनमध्ये आणखी आकसते. त्यामुळे सर्जनने 2 सेंमी घेतलं तरी रिपोर्टमध्ये ‘जवळची कडा 1.5 सेंमी’ असं येऊ शकतं. तेवढ्यावरून तिसऱ्यांदा ऑपरेशन करायचं नसतं. याची भीती घेऊन धावत येणारे लोक पुष्कळ असतात.

पूर्वी 5 सेंमी घ्यायचे, हे खरं आहे. त्याचं मूळ विल्यम सॅम्पसन हँडलीच्या 1907 सालच्या व्याख्यानांत आहे, आणि तो सल्ला मुख्यतः एकाच रुग्णाच्या शवविच्छेदनावर उभा होता. त्याने स्वतः कातडी साधारण इंचभरच घ्यायला सांगितली होती, खालची चरबी मात्र जास्त रुंद. पुढच्या मंडळींनी त्याचं सरसकट 5 सेंमी करून टाकलं आणि ते अनेक दशकं चाललं. 1970 मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लोने दाखवलं की डाग किती पसरलाय यापेक्षा तो किती जाड आहे, हे मिलिमीटरमध्ये मोजलेलं माप जास्त बोलतं. मग चाचण्या झाल्या. 1 ते 4 मिमी जाडीच्या रुग्णांत 2 सेंमी आणि 4 सेंमीची तुलना झाली: जगण्यात फरक नाही, पण स्किन ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी आणून लावणं) लागणाऱ्यांचं प्रमाण 46 टक्क्यांवरून 11 वर आलं. 2 मिमीपेक्षा जाड डागांत 2 सेंमी विरुद्ध 4 सेंमी पाहिलं, 900 हून अधिक रुग्ण. तिथेही फरक नाही. रुंदी वाढवून रोग्याचं आयुष्य वाढत नाही, जखम तेवढी वाढते.

तुमच्या वडिलांच्या पोटरीवर हे भूमितीसारखं मांडून बघा. समजा बायोप्सीचा व्रण 3 सेंमी लांब आहे. तो पायाच्या लांबीला धरून उभा असेल, तर 1 सेंमी अंतराने सुमारे 2 सेंमी रुंदीचा पट्टा निघतो आणि टाके घालून जखम बंद होते. 2 सेंमी अंतर घेतलं तर रुंदी 4 सेंमी. पोटरीवर कातडी किती सैल आहे त्यावर तेही बहुधा जमतं, मात्र लांबी रुंदीच्या तिप्पट, म्हणजे 12 सेंमी धरायची. त्याहून आखूड ठेवली की टोकांना कातडीची शेंडी उभी राहते. आता तोच व्रण आडवा असेल तर? 2 सेंमी अंतराने रुंदी थेट 7 सेंमी होते. पोटरीवर 7 सेंमी रुंद जखम ओढून बंद होत नाही. ग्राफ्ट किंवा फ्लॅप (शेजारची कातडी फिरवून आणणं) आलाच. रोग तोच, जाडी तीच, फक्त पहिला छेद आडवा पडला. म्हणून हातापायावर बायोप्सीचा छेद नेहमी लांबीच्या दिशेने घ्यायचा. दोन मिनिटांचं काम म्हणून जो ते हातावेगळं करतो, तो पुढच्या सर्जनची अर्धी शस्त्रक्रिया ठरवून बसलेला असतो.

ग्राफ्ट लागलाच तर कातडी दुसऱ्या मांडीची घ्यायची, त्याच पायाची नाही. वेगळ्या हातमोज्यांनी, वेगळ्या अवजारांनी. ग्राफ्ट पहिले पाच दिवस दाबून बांधलेला राहतो आणि पाय उंच ठेवायचा असतो. तो मरतो त्याची कारणं ठरलेली आहेत: खाली रक्त साचलं, पट्टी सरकली, नाहीतर पू झाला. जगला तरी तिथे कायमचा खळगा राहतो, कारण खालची चरबी गेलेली असते. पोटरीच्या मागच्या बाजूला सूरल नावाची नस तुकड्याबरोबर जाऊ शकते; मग पावलाची बाहेरची कड बधिर राहते. हे आधी सांगायला हवं, नंतर नाही.

आता ज्याने मला खरोखर संताप येतो ते. तुमच्या वडिलांचं नशीब बरं, की त्यांचा तीळ अखंड निघाला आणि 1.6 हा आकडा हातात आला. माझ्यापुढे आलेलं एक प्रकरण सांगतो. टाचेवर काळपट डाग. कुरूप समजून आधी पट्ट्या लावल्या, मग ब्लेडने वरचेवर तासलं, आणि तरी परत येतंय म्हणून शेवटी कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, जाळलं. उरलेली चिमूटभर खपली ‘एकदा बघून घ्या’ म्हणून तपासायला गेली, तीही गॉजमध्ये गुंडाळून, कोरडी. रिपोर्ट आला: मेलॅनोमा, जाडी ‘किमान’ 1.1 मिमी, तळाशी पेशी आहेत, कडा जळाल्यामुळे सांगता येत नाही.

त्या ‘किमान’ शब्दाचा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही. ब्रेस्लो जाडी कातडीच्या कणदार थराच्या माथ्यापासून सर्वांत खोल पेशीपर्यंत मोजतात. वर अल्सर असेल तर अल्सरच्या तळापासून. तुकडा मधेच कापला गेला असेल तर सर्वांत खोल पेशी त्या तुकड्यात नाहीच. खरी जाडी 1.3 असेल, नाहीतर 4 असेल. पुन्हा काढून बघितलं तर तिथे जळल्याचा व्रण, दाह आणि विखुरलेल्या पेशी. वरचा भाग नाहीसा झालेला असल्यामुळे दोन तुकडे जोडून माप काढता येत नाही. अंतर किती घ्यायचं, गाठ तपासायची का, औषध द्यायचं का, या सगळ्या निर्णयांचा पाया तोच एक आकडा, आणि तो कॉटरीच्या धुरात गेला. टाचेवर 2 सेंमी अंतर घ्यायचं तर चालताना भार पडतो ती जागा उघडी पडते. तिथे पातळ ग्राफ्ट टिकत नाही, म्हणून तळव्याच्या कमानीतली कातडी तिच्या रक्तवाहिनीसह फिरवून आणावी लागते. नीट आकडा हातात असता तर 1 सेंमीवर भागलं असतं की नाही, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून नियम सरळ आहे. शंकास्पद काळा डाग तासायचा नाही, जाळायचा नाही, लेझर मारायचा नाही. अख्खा काढायचा, खाली थोडी चरबी घेऊन. फार मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, कानावर, तळव्यावर असेल तर सर्वांत उंच किंवा सर्वांत काळ्या भागातून पंच बायोप्सी (गोल पात्याने घेतलेला छोटा तुकडा), पूर्ण खोलीची. ‘सुई लावली तर पसरेल’ ही भीती निराधार आहे. तुकडा घेतल्याने मेलॅनोमा पसरतो असा पुरावा नाही. नखाखालचा काळा पट्टा असेल तर नुसतं नख उपटून काही कळत नाही, पट्टा जिथून उगवतो त्या मुळातून, म्हणजे मॅट्रिक्समधून तुकडा हवा. तुकडा चिमट्यात चेपायचा नाही. लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. एका टोकाला धागा बांधून ‘हे वरचं टोक’ असं फॉर्मवर लिहायचं. एवढंच असतं हो. पण तीळ म्हणजे किरकोळ काम, असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांना एवढंही जड जातं.

जांघेतल्या गाठीकडे येतो. डोनाल्ड मॉर्टनने 1992 मध्ये ही पद्धत मांडली. डागाकडून निघणारी लस ज्या गाठीत सर्वांत आधी पोचते ती सेंटिनल नोड. तिच्यात पेशी नसतील तर पुढच्या गाठींत असण्याची शक्यता फार कमी. व्रणाभोवती कातडीच्या आत टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचे चार छोटे डोस देतात, स्कॅनवर लस कुठे जाते ते बघतात आणि कातडीवर खूण करतात. पोटरीची लस बहुधा जांघेत जाते, पण कधी गुडघ्यामागेही थांबते. म्हणून स्कॅन बघितल्याशिवाय ‘जांघेतलीच असणार’ असं धरायचं नाही. ऑपरेशन टेबलावर अर्धा ते एक मिलिलिटर निळा रंग, तोही जी कातडी निघणारच आहे तिच्या हद्दीत; बाहेर टोचला तर कित्येक महिने निळा डाग दिसतो. रंगाची तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित येते. लघवी हिरवी होते, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र खोटाच कमी आकडा दाखवतं. भूलतज्ज्ञाला हे आधीच ठाऊक असलं की धावपळ होत नाही. मग गॅमा प्रोबने, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राने, गाठ शोधतात. जिच्यात सर्वांत जास्त मोजणी येते तिच्या दहा टक्क्यांहून जास्त मोजणी असलेल्या सगळ्या गाठी घ्यायच्या, आणि निळी दिसेल तीही.

हे वाइड एक्सिजनबरोबरच, त्याच बैठकीत करायचं. आधी रुंद कातडी काढून फ्लॅप फिरवला आणि महिन्याने गाठ शोधायला गेलं, तर लसवाहिन्या तुटलेल्या असतात आणि स्कॅन भलतीच गाठ दाखवू शकतो. तुमचे सर्जन दोन्ही एकत्र करायला सांगताहेत, ते बरोबर आहे. टेबलावरच फ्रोझन सेक्शन (गाठ गोठवून लगेच तपासणं) करून निकाल मागू नका. त्यात गाठीचा भाग वाया जातो आणि बारीक पेशी निसटतात. पातळ काप आणि एस-100, मेलान-ए, एचएमबी-45 असे विशेष रंग यांना काही दिवस लागतात.

1.6 मिमीला ही तपासणी का? जाडी 0.8 मिमीच्या खाली आणि अल्सर नाही, तर गाठीत पेशी असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली असते आणि सहसा करत नाहीत. 0.8 ते 1 मिमीला चर्चा करून ठरवतात. 1 मिमीच्या पुढे करावी असंच सांगतात. मध्यम जाडीच्या, म्हणजे 1.2 ते 3.5 मिमीच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत सुमारे 16 टक्के जणांच्या सेंटिनल गाठीत पेशी सापडल्या. त्याच चाचणीच्या 2014 मधल्या अंतिम निकालाने हेही सांगितलं, की नुसती गाठ काढून सरसकट सगळ्यांचं आयुष्य वाढत नाही. ती गाठ माहितीसाठी काढायची असते: स्टेज ठरते, आणि पुढे औषध द्यायचं का ते ठरतं.

आता सगळ्या गाठी साफ करण्याचं. कितीतरी वर्षं असं शिकवलं गेलं की सेंटिनलमध्ये एक पेशी जरी दिसली तरी अख्खी जांघ किंवा काख साफ करायची. 2016 मध्ये जर्मनीतल्या 483 रुग्णांच्या चाचणीने आणि 2017 मध्ये 1,900 हून अधिक रुग्णांच्या एमएसएलटी-2 या चाचणीने त्यावर निकाल दिला. एमएसएलटी-2 मध्ये साफ केलेले आणि सोनोग्राफीने नुसतं लक्ष ठेवलेले, दोन्ही गटांत तीन वर्षांनी मेलॅनोमापासून वाचलेले 86 टक्केच. हातापायाची सूज मात्र साफ केलेल्यांत 24.1 टक्के, लक्ष ठेवलेल्यांत 6.3. लक्ष ठेवायचं म्हणजे पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. जांघ साफ केल्यावर काय होतं ते ज्याने ड्रेसिंग केलंय त्याला विचारा. छेदाची कड काळी पडते, ड्रेन कित्येक दिवस निघत नाही, काढला की पाणी साचतं. आणि एकदा सूज बसली की घट्ट मोजा जन्माचा सोबती. हे सगळं रोग्याने सोसायचं, आणि वर आपण म्हणायचं की ‘आम्ही काही शिल्लक ठेवलं नाही’!

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर वाद जिंकण्यासाठी आकडे निवडले असं कुणी म्हणेल. साफ केलेल्यांत त्याच भागात रोग परतण्याचं प्रमाण कमी होतं: तीन वर्षांनी गाठींचा भाग 92 टक्के जणांत स्वच्छ, लक्ष ठेवलेल्यांत 77. ज्याला दर चार महिन्यांनी येणं शक्य नाही त्याच्यासाठी हे गणित वेगळं असू शकतं. हे निकाल सेंटिनलमध्ये सापडलेल्या बारीक रोगाला लागू आहेत. हाताला लागणारी गाठ असेल तर तिथे पूर्ण साफ करणं आजही आहेच. तिची आधी सुईने तपासणी, छेद घेऊन नाही, आणि मग स्कॅन. तोही क्रम आता बदललाय. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाडिना चाचणीत इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब या रोगप्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचे दोन डोस आधी देऊन मग गाठी काढल्या. वर्षाने रोग वाढला नाही की परतला नाही असे 83.7 टक्के, आधी ऑपरेशन करून नंतर औषध दिलेल्यांत 57.2. म्हणजे लागणारी गाठ दिसताच चाकू उचलणारा सर्जन रोग्याचं नुकसान करतोय. त्याने आधी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कर्करोगाची औषधं देणाऱ्या डॉक्टरला, फोन करायला हवा.

आणि कमी काढण्याचा अतिरेकही नको. 2 मिमीहून जाड डागांत 1 सेंमी आणि 3 सेंमीची तुलना झाली तेव्हा 1 सेंमीच्या गटात रोग त्या भागात परतण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून तिथे 2 सेंमी. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये मेलॅनोमा सापडला, त्याने अंगठा काढायला नकार दिला, मर्यादित शस्त्रक्रिया झाली आणि 1981 मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. अंगठा काढला असता तर वाचला असता, असं कुणी छातीठोक सांगू नये. पण नखाखाली खोल गेलेला रोग नख काढून भागत नाही, एवढं खरं.

तुमच्या वडिलांचा प्रकार टी-2-ए, म्हणजे जाडी 1 ते 2 मिमी आणि अल्सर नाही. 1 ते 2 सेंमी अंतर आणि सेंटिनल नोड, एका बैठकीत. गाठ स्वच्छ आली तर बहुधा पुढे औषधही नाही. लक्षणं नसताना आत्ताच पेट स्कॅनचा आग्रह धरू नका. या टप्प्यावर त्यात खऱ्यापेक्षा खोट्या खुणाच जास्त निघतात आणि त्यांच्यामागे धावण्यात वेळ जातो. नंतरच्या तपासणीत सर्जनने बोटांनी व्रण, व्रणापासून जांघेपर्यंतचा पट्टा आणि जांघ चाचपायला हवी. मधल्या पट्ट्यात कातडीखाली मोहरीएवढे दाणे येऊ शकतात आणि ते स्कॅनच्या आधी बोटाला लागतात. बाकी अंगावरचे तीळही बघायचे, दुसरा मेलॅनोमा होण्याचा धोका अशा माणसात जास्त असतो.

सर्जन कसा ओळखायचा, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी दोनच गोष्टी बघेन. त्याने अंतर सेंटिमीटरमध्ये सांगितलं का, आणि ते ब्रेस्लोच्या आकड्याशी जोडून सांगितलं का. आणि जुन्या स्लाइड स्वतःच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला मागितल्या का. न मागताच तारीख देत असेल तर तुम्ही विचारा. पहिल्या लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही आणा, रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. पुढेमागे बीआरएएफ या जनुकाची तपासणी (कोणतं औषध चालेल ते ठरवायला) लागली तर त्याच ब्लॉकमधून होते, आणि लॅब ते कायमचे जपून ठेवत नाहीत.